कोमट पाणी

पाणी कोमट हवं. हे काम माझं.
चौतीस वर्षं, दर पवित्र गुरुवारी
प्रार्थनाघराच्या तळघरात मी चार केटल्या चढवते,
कोपर बुडवून बघते,
तान्ह्याच्या अंघोळीचं बघावं तसं.
फार कढत झालं तर म्हातारे कण्हतात,
गार पडलं तर भक्तीत लक्ष लागत नाही.

बाहेर एप्रिल, नावालाच.
सस्कॅचवनच्या बर्फाला कॅलेंडर वाचता येत नाही.

जानेवारीत मतदान झालं.
पाळक टीसन यांनी प्रश्न तीनदा वाचला:
जो पुरुष पुरुषाबरोबर संसार करतो
तो या मंडळीचा सभासद राहू शकतो का?
मग गव्हाबद्दल बोलले, निदणाबद्दल बोलले,
खरा ख्रिस्ती फळांवरून ओळखावा म्हणाले.
(आमच्याकडे फळं धरत नाहीत, थंडी फार.
एक रुबार्ब येतो,
आणि तो तर देठ.)

एकेचाळीस नाही. सतरा हो.
दोन चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या,
त्या मोजण्यात धरल्या नाहीत.

नोंदवहीही माझ्याकडेच असते.
पट्टी ठेवली, एर्विन फ्रीझन या नावावरून रेघ ओढली.
जरा फिकट आली.
पेन सुकलंय, मी म्हटलं,
कुणी विचारलं नव्हतं तरी.
त्याच ओळीत त्याचा बाप्तिस्मा आहे,
माझ्याच अक्षरात:
वय एकोणीस. साक्ष दिली. रडला.

तळघरातला बॉयलर त्यानेच बसवलेला,
पैसे न घेता, सलग तीन शनिवार.
त्याच्याच बॉयलरचं पाणी,
आणि आम्ही त्याला पाण्यात पाहत होतो.

गुरुवारी तो आला.
लॉर्न बाहेर ट्रकमध्ये थांबला, इंजिन चालू ठेवून.

आमची रीत अशी:
पुरुष पुरुषांचे पाय धुतात, बायका बायकांचे.
दणकट शेतकरी गुडघ्यांवर बसतात,
दुसऱ्याची टाच ओंजळीत घेतात,
बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसतात,
मग उठून मिठी मारतात, गालाचा पवित्र मुका घेतात.
चारशे वर्षांत
यात काही वावगं आहे असं
कुणाला वाटलेलं नाही.

एर्विनने मोजे काढले. करडे, एक रफू केलेला.
जोड्या लागत गेल्या.
आब्राम आणि पेटर. दोघे विलम्स भाऊ.
माझा कोर्नेलियस, ज्याने त्याला धर्मशिक्षण दिलं,
बर्फावर घसरायलाही ज्याने शिकवलं,
तो स्तोत्रांच्या पुस्तकात पान शोधत राहिला.
पान समोरच होतं.

लिनोलियमवर दोन अनवाणी पाय.
मी दारात, हातात केटली.
मी बाई. रीत मला माहीत होती.
रीत किती कामाला येते!

मग त्याने परात स्वतःकडे ओढली
आणि स्वतःचे पाय स्वतः धुतले.
आधी डावा. घाई केली नाही.
घोटे पुसले, मोजे चढवले,
परात घेऊन माझ्याकडे आला, न सांडता.
“पाणी अगदी बरोबर होतं, मावशी,” म्हणाला.

कोमट माणसांचं तो काय करणार आहे,
शेवटच्या पुस्तकात लिहिलंय.
मला ते पाठ आहे.

ते पाणी मोरीत ओतवेना.
मागच्या पायरीवर टाकलं. ट्रक गेला होता.
सकाळपर्यंत गोठलं,
आणि गुड फ्रायडेला मिसेस टीसन त्यावर घसरल्या,
मनगट मुरगळलं. मीच पट्टी बांधली.

पहिल्या गुरुवारी, वरच्या खोलीत, किती पाय होते?
झोप येत नाही तेव्हा मोजते. चोवीस.
बारावा अजून उठून गेला नव्हता,
कमरेला थैली होती,
आणि त्याचेही धुतले, पुसलेही.
दाराशी नोंदवही घेऊन
कुणी उभं होतं असं लिहिलेलं नाही.

त्या दोन कोऱ्या चिठ्ठ्यांतली एक माझी.
दुसरी कुणाची, विचारलेलं नाही.
कोर्नेलियस शेजारी जागाच असतो.
त्याचे पाय बर्फासारखे.
माझा पाय लागला
की तो ओढून घेतो.